पोट भरल्याचा निरोप आणि कॅप्सूलचा मोह
खास प्रतिनिधी, ठाणे

भूक आवरणारा एक स्निग्ध पदार्थ आपले आतडे स्वतःच तयार करते. आता तो 'नैसर्गिक' म्हणून कॅप्सूलमध्ये भरून विकला जाऊ लागला आहे. शरीराच्या या निरोप्याविषयी विज्ञानाला नेमके काय ठाऊक आहे आणि लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी त्यातून कोणता बोध घ्यावा?

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या पुलावरून उतरणारी गर्दी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. दुपारी एक वाजता डबा खाल्लेला हा माणूस सहा-सात तासांनी गाडीतून उतरलेला असतो. समोर कढईतून वडे निघत असतात, शेजारी डोशाचा तवा तापलेला असतो, पलीकडे चायनीजची गाडी असते. घरी पोळी-भाजी वाट पाहत असते, तरीही हात खिशाकडे जातोच. मग रात्री दहाला दुसरे जेवण होते. पोटाचा घेर वाढल्याची तक्रार घेऊन हाच माणूस पुढे डॉक्टरांकडे, व्यायामशाळेत किंवा इंटरनेटवरील जाहिरातींकडे वळतो.

या माणसाला आजवर 'मनावर ताबा ठेवा' एवढाच सल्ला मिळत आला. गेल्या पाव शतकातील संशोधन मात्र सांगते की भूक हा केवळ मनाचा खेळ नव्हे. ती आतडे, मज्जातंतू आणि मेंदू यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण आहे, आणि या निरोप्यांपैकी एक चक्क स्निग्ध पदार्थ आहे. त्याचे नाव ओलिओइल-इथेनॉलअमाइड, संक्षेपाने ओईए.

चर्चा आत्ताच का?

२०२५ हे वर्ष भारतात लठ्ठपणाच्या चर्चेचे ठरले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. मार्चमध्ये तिर्झेपेटाईड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन भारतीय बाजारात आले. अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची सुरुवातीची किंमत साडेतीन हजार रुपये होती. जूनमध्ये सेमाग्लुटाईडचे वजन घटविण्यासाठीचे इंजेक्शनही दाखल झाले. सेमाग्लुटाईडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे. त्यानंतर स्वस्त आवृत्त्या आणण्याची तयारी अनेक भारतीय कंपन्यांनी आधीच सुरू केली होती.

ही इंजेक्शने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, त्यांचे दुष्परिणाम असू शकतात आणि खर्च दरमहा हजारांत जातो. साहजिकच 'सुई नको, रसायन नको, काहीतरी नैसर्गिक सांगा' असे म्हणणारा मोठा वर्ग तयार झाला. ओईएच्या कॅप्सूलची हाक याच वर्गाला आहे. अमेरिकेत ओईए आहारपूरक म्हणून आधीपासूनच विकले जाते. इंटरनेटच्या जमान्यात ती बाजारपेठ घोडबंदर रोडवरील किंवा कल्याणच्या खडकपाड्यातील घरापासून दूर राहिलेली नाही. म्हणूनच या पदार्थाची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

आतड्यातील निरोप्या

शेंगदाणा, तीळ, बदाम, ऑलिव्ह यांच्या तेलात ओलिइक आम्ल हे मेदाम्ल विपुल असते. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्याच्या वरच्या भागात पोहोचला की तेथील पेशी या ओलिइक आम्लाचा उपयोग करून ओईए तयार करतात. स्पेन आणि अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की उपाशी उंदरांच्या आतड्यात ओईएचे प्रमाण घटते, खाल्ल्यावर वाढते आणि बाहेरून ते टोचले तर उंदीर कमी खातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील डॅनिएले पिओमेली हे या संशोधनातील प्रमुख नाव. २००३ मध्ये याच गटाने पुढची कडी जोडली. पेशीच्या केंद्रकातील पीपीएआर-अल्फा नावाच्या रिसेप्टरमार्फत ओईए काम करते. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

ओईएमुळे ताटातला घास लहान होतो असे नाही. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंतचे अंतर वाढणे, हा त्याचा ठळक परिणाम. म्हणजे 'पुरे झाले' यापेक्षा 'अजून भूक नाही' असा हा निरोप आहे. निसर्गात तो किती जुना आहे याचे उदाहरण अजगराचे. ब्रह्मी अजगर एकदा भक्ष्य गिळले की दीर्घकाळ काही खात नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत अजगराच्या आतड्यातील ओईएचे प्रमाण सुमारे तीनशे पटींनी वाढल्याचे आढळले.

२००८ मधील आणखी एका प्रयोगाने असेही दाखविले की उंदरांच्या आतड्यात हा निरोप स्निग्ध पदार्थांमुळेच निघतो. नुसती साखर किंवा नुसती प्रथिने पोहोचली तर तो निघत नाही. तेल-तूप पूर्णपणे वर्ज्य करून केवळ साबुदाणा, मैदा आणि साखरेवर दिवस काढणाऱ्याला लवकर भूक का लागते, याचे एक संभाव्य उत्तर यात दडलेले असावे. मात्र उंदरातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे भान सुटता कामा नये.

आनंदाचा भाऊबंद

ओईएच्या कुळात एक नाव मराठी वाचकाला चटकन ओळखीचे वाटेल. १९९२ मध्ये जेरुसलेममधील राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतील एक स्निग्ध संयुग शोधले गेले. भांगेतील द्रव्य मेंदूतील ज्या रिसेप्टरला जाऊन बिलगते, त्यालाच हे संयुगही बिलगते. त्याला नाव देण्यात आले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृतमधील 'आनंद' या शब्दावरून. ओईए हे रचनेने आनंदामाइडचे भाऊबंद, पण गुणाने उलट. आनंदामाइड भूक वाढविते, ओईए ती लांबणीवर टाकते.

या कुळाशी भारतीय बाजाराचा एकदा संबंध येऊन गेला आहे आणि तो अनुभव विसरण्याजोगा नाही. आनंदामाइडचा रिसेप्टरच अडविला तर भूक कमी होईल, या तर्कावर रिमोनाबंट हे औषध बनविण्यात आले. २००६ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये ते नाकारले. भारतात मात्र अनेक कंपन्यांच्या नावांनी ते विकले गेले. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार बळावत असल्याचे पुढे आल्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात त्याची विक्री थांबविण्यात आली. भारतात त्यावर बंदी आली ती डिसेंबर २००९ मध्ये. भुकेबरोबर आनंदाचीही वाट अडविल्याची ही किंमत होती. पाठोपाठ सिबुट्रामाइन हे वजन घटविणारे दुसरे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही बंद झाले.

ओईए म्हणजे रिमोनाबंट नव्हे. ते आनंदामाइडचा रिसेप्टर अडवीत नाही आणि शरीराला ते परकेही नाही. पण 'प्रयोगशाळेत तर्क पटला' आणि 'लाखो माणसांनी वर्षानुवर्षे घेतले तरी सुरक्षित ठरले' या दोन विधानांत केवढे अंतर असते, हे रिमोनाबंटने दाखवून दिले. ते अंतर ओईएने अद्याप कापलेले नाही.

माणसांवरील पुरावा किती?

माणसांवरील सर्वाधिक उल्लेखिली जाणारी चाचणी इराणमधील तबरीझ येथील आहे आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ लठ्ठ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला १२५ मिलिग्रॅम ओईएच्या रोज दोन कॅप्सूल, तर दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषधविरहित कॅप्सूल आठ आठवडे देण्यात आल्या. ओईए घेणाऱ्यांचे वजन, कमरेचा घेर आणि शरीरातील चरबीचे प्रमाण घटले, भूकही कमी झाल्याचे त्यांनी नोंदविले. इटलीतील संशोधकांनी २०१५ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी कॅप्सूल न देता ओलिइक आम्लाने समृद्ध असे जेवण दिले. त्यानंतर रक्तातील ओईए वाढले आणि पुढच्या जेवणात माणसांनी कमी उष्मांक घेतले.

हे निष्कर्ष आशादायक आहेत, यात शंका नाही. पण साठ माणसे आणि आठ आठवडे एवढ्या भांडवलावर आयुष्यभराचा आजार असलेल्या लठ्ठपणाचा उपचार ठरविता येत नाही. वर्षभराने काय होते? कॅप्सूल थांबविल्यावर वजन परत येते का? मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असताना हे घ्यावे का? या प्रश्नांची उत्तरे मोठ्या व दीर्घ चाचण्यांवाचून मिळणार नाहीत. शिवाय तोंडाने घेतलेल्या ओईएचा मोठा भाग आतड्यातील विकरे मोडून टाकतात, ही अडचण आहेच.

वड्याचे कोडे

येथे चाणाक्ष वाचकाच्या मनात शंका येईल. स्निग्ध पदार्थांमुळे ओईए तयार होते आणि ओईएमुळे भूक लांबते, तर तळलेला वडा खाऊन वजन कमी व्हायला हवे! तसे का होत नाही?

पहिले कारण तेलाच्या जातीत आहे. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार. हॉटेले, फरसाण आणि बिस्किटे यांत ते सर्रास असते. पामतेलात ओलिइक आम्ल सुमारे चाळीस टक्के असले तरी जवळपास निम्मा भाग संतृप्त मेदाचा असतो. दुसरे कारण साध्या अंकगणितात आहे. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ उष्मांक मिळतात. ओईएचा निरोप भूक काही काळ लांबवील, पण पोटात गेलेले उष्मांक वजा करणार नाही.

तिसरे कारण सर्वांत चिंताजनक आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना दीर्घकाळ अतिस्निग्ध आहार देण्यात आला. त्यांच्या आतड्यातील ओईए चक्क घटले. मेंदूला मिळणारा डोपामिनचा, म्हणजे समाधानाचा, प्रतिसादही मंदावला. बाहेरून ओईए दिल्यावर तो प्रतिसाद पूर्ववत झाला आणि हे उंदीर कमी स्निग्धांशाचे अन्नही आवडीने खाऊ लागले. रोज तेलकट खाणाऱ्याला साधी पोळी-भाजी फिकी का लागते, याचा धागा येथे सापडू शकतो. निरोप्याला रोज दमविले की तो यायचाच बंद होतो.

आपला देह, आपले वेळापत्रक

महाराष्ट्रापुरता आणखी एक पैलू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक दिसणारा पण चरबीदार' भारतीय देह जगापुढे मांडला. पुण्याच्या ग्रामीण भागातील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या बाळांच्या देहात चरबीचे तुलनात्मक प्रमाण अधिक, असे त्यांच्या चमूला आढळले. 'लॅन्सेट'ने २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पुढे अतिवजन आणि २५ पुढे लठ्ठपणा मानला जातो. पुरुषांचा कंबरघेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा दंडक आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोक मधुमेही, १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ३९.५ टक्के प्रौढ पोटाच्या लठ्ठपणाचे धनी आहेत. शहरांत हे प्रमाण गावांहून अधिक आहे.

आता या देहाला लोकलचे वेळापत्रक जोडून पाहा. मुंबईपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण सुमारे ५४. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हा ती नवलाई होती. आज कल्याणहून मुंबईला जाऊन परत येणारा नोकरदार रोज शंभराहून अधिक किलोमीटर कापतो. पहाटे उठून डबा करणारी गृहिणी, जी बहुधा स्वतःही नोकरी करते, तिची झोप तर आणखी आखूड. शिकागो विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात चौदा तरुणांना सलग चार रात्री साडेआठ तासांऐवजी साडेचार तासच अंथरुणात राहू दिले. आनंदामाइडच्या कुळातील भूक चेतविणाऱ्या दुसऱ्या एका स्निग्ध संयुगाचे रक्तातील प्रमाण दुपारनंतर वाढले आणि संध्याकाळपर्यंत चढेच राहिले. पोट भरलेले असतानाही या तरुणांना खाऊचा मोह आवरेना. संध्याकाळच्या पुलावरील खाऊगाड्यांची गर्दी केवळ चवीची गोष्ट नाही, हे यावरून उमजावे.

कायद्यातील फट

कॅप्सूलच्या बाजाराला लगाम कोणाचा? औषधे व जादूटोणाविषयक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. ज्या विकारांवर इलाजाची जाहिरात करण्यास तो मनाई करतो, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. पण त्या कायद्यातील व्यापक व्याख्येतून 'अन्न' वगळलेले आहे. आहारपूरक म्हणजे अन्न. त्याचे नियमन अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आणि आहारपूरकांसाठीचे २०१६ चे नियम यांखाली होते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र आहारपूरकाला औषधाप्रमाणे रुग्णांवरील चाचण्यांची दीर्घ परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नाही. 'वजन घटविते' न म्हणता 'वजन व्यवस्थापनास साहाय्य' म्हणायचे, की काम भागते. ग्राहकाला हा शब्दच्छल कळत नाही.

त्यामुळे काही साधी पथ्ये पाळणे बरे. वेष्टनावर परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना आहे का, ते पाहावे. मधुमेह, हृदयविकार वा मानसिक आजाराची औषधे सुरू असणाऱ्यांनी आणि गर्भवती वा स्तनदा मातांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशी कॅप्सूल तोंडात टाकू नये. महिन्याभरात दहा किलोची हमी देणारी कोणतीही वस्तू, नैसर्गिक असो वा नसो, लांबच ठेवावी.

मग करायचे काय?

आपल्या ताटात ओलिइक आम्लाची वानवा नाही. शेंगदाणा आणि तीळ हे मराठी स्वयंपाकघराचे जुने रहिवासी. डब्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे-शेंगदाणे संध्याकाळच्या परतीसाठी जवळ ठेवले, तर गाडीतून उतरल्यावरची कढईकडची ओढ थोडी तरी सैल पडेल. त्यासाठी परदेशी फळे वा महागडे तेल घेण्याची गरज नाही. मात्र हे शेंगदाणे वड्याच्या जागी खायचे आहेत, वड्याच्या जोडीला नव्हेत.

तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचा हिशेबही करून पाहावा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे साधारण २७५ उष्मांक होतात. दहा टक्के कपात म्हणजे माणशी २७ उष्मांक. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण वर्षाकाठी तो दहा हजारांच्या घरात जातो. कागदावर एक किलोहून अधिक चरबी. प्रत्यक्षात शरीर त्यातला काही भाग भरून काढते. तरीही आठ आठवड्यांच्या कॅप्सूलपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ.

परंतु सारा भार व्यक्तीच्या संयमावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. तलावपाळीचा काठ, उपवन, कल्याणचा काळा तलाव येथे सकाळी चालणाऱ्यांची गर्दी सांगते की लोकांना चालायचे आहे. स्थानकापासून घरापर्यंत पायी जाण्याजोगा पदपथ मिळाला, तर रिक्षाच्या रांगेतील कित्येक जण चालत जातील. पदपथच फेरीवाले आणि दुचाकींनी व्यापलेला असेल, तर 'रोज तीस मिनिटे चाला' हा सल्ला थट्टाच ठरतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या दवाखान्यांत रक्तदाबाबरोबर कंबरेचा घेरही मोजला गेला, तर त्यासाठी लागते ती फक्त एक शिंप्याची टेप. कार्यालयांच्या वेळा पुढे-मागे करण्याची मागणी प्रवासी संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. ती गर्दीच्या संदर्भात केली जाते. झोपेच्या आणि भुकेच्या संदर्भातही ती तितकीच रास्त आहे.

ओईएवरील संशोधन पुढे जाईल, कदाचित उद्या त्यातून एखादे उपयुक्त औषधही निघेल. तसे झाले तर त्याचे स्वागतच व्हावे. पण आजघडीला या निरोप्याने दिलेली खरी शिकवण वेगळी आहे. पोट भरल्याचे सांगणारी यंत्रणा शरीरात आहे. तिला वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि बेताचे तेल एवढेच हवे असते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या माणसाला नेमक्या याच तीन गोष्टी मिळत नाहीत. त्या त्याला कशा मिळतील, हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणारा नाही. तो घरी, कार्यालयात आणि महापालिकेच्या सभागृहातच सोडवावा लागेल.